न जुळणाऱ्या रीडिंगचे गुण

रेडॉक्स अभिक्रिया म्हणजे इलेक्ट्रॉनांची देवघेव होय. जो घटक इलेक्ट्रॉन गमावतो त्याचे ऑक्सिडीकरण होते, जो ते स्वीकारतो त्याचे क्षपण होते, आणि गमावलेल्या व स्वीकारलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या नेहमी सारखीच असते. अकरावीच्या वर्गात ही व्याख्या पहिल्याच तासाला सांगितली जाते, परंतु गणिते सुरू होताच ‘एन-फॅक्टर’चे, म्हणजे दर मोलमागे सरकणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या मोलसंख्येचे, तयार सूत्र तिची जागा घेते. या सूत्रानेच विषयाच्या आकलनाचे सर्वाधिक नुकसान केले, असे प्रस्तुत लेखकाचे विद्यार्थिदशेपासूनचे मत आहे.

पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल यांचे अनुमापन, म्हणजे एका द्रावणाच्या ज्ञात संहतीवरून दुसऱ्याची संहती काढणे, हा प्रयोग या संदर्भात पाहण्यासारखा आहे. सल्फ्युरिक आम्लाच्या सान्निध्यात मँगनीजचा ऑक्सिडीकरण अंक +7 वरून +2 वर येतो, म्हणजे तो 5 इलेक्ट्रॉन घेतो, तर ऑक्झॅलेटचे दोन कार्बन +3 वरून +4 वर जाताना मिळून 2 इलेक्ट्रॉन देतात. म्हणून 2 मोल परमँगनेटला 5 मोल ऑक्झॅलेट लागते. 0.05 मोलर ऑक्झॅलिक आम्लाच्या 10 मिलीसाठी 0.02 मोलर परमँगनेटही 10 मिलीच लागावे, हे यावरून ठरते.

प्रस्तुत लेखक शिकत असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयात एका सहाध्यायी मुलीचे रीडिंग साडेअकरा मिलीच्या आसपास आले आणि तिच्या चंचुपात्रात तपकिरी गढूळपणा दिसला. ‘कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग’, म्हणजे लागोपाठ येणारे सारखे रीडिंग, जुळत नाही म्हणून जर्नलमधील तो आकडा लाल शाईने खोडला गेला, गुण कापले गेले आणि शेजारच्या टेबलावरचे रीडिंग लिहिण्यास तिला सांगण्यात आले. वास्तविक आम्ल कमी पडले, किंवा द्रावण साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसपर्यंत न तापवता परमँगनेट घाईने सोडले, तर मँगनीज +2 पर्यंत न पोहोचता +4 वर, म्हणजे तपकिरी मँगनीज डायऑक्साइडपाशी थांबतो. तेथे तो 5 ऐवजी 3 च इलेक्ट्रॉन घेतो, साहजिकच तेवढेच ऑक्झॅलेट संपवण्यास परमँगनेट अधिक लागते. सर्वच मँगनीज तेथे थांबला असता तर रीडिंग 16.7 मिलीच्या जवळ गेले असते. साडेअकराचा अर्थ, वापरलेल्या परमँगनेटपैकी सुमारे एक-तृतीयांश तेथे अडकले. खोडलेला आकडा अशा रीतीने त्या दिवशीच्या संपूर्ण वर्गातील सर्वांत बोलका आकडा होता, आणि ज्यांनी शेजाऱ्याचे रीडिंग उतरवले त्यांना पूर्ण गुण मिळाले, हा अन्याय आजही सलतो.

येथे मात्र एक गोष्ट मान्य करावी लागते, ती अशी की 5 च्या जागी 3 घालून हा हिशेब ज्याने सोडवता आला ते सूत्र तेच ‘एन-फॅक्टर’चे होते. तेव्हा दोष सूत्राला देता येत नाही. इलेक्ट्रॉन किती आणि का सरकले हे विचारण्याआधीच अंक ठरवून देण्याच्या पद्धतीला तो द्यावा लागतो. सीईटी या प्रवेश परीक्षेच्या तयारीत वेळेची ओढाताण असते हे खरे, परंतु प्रात्यक्षिकाच्या तासाला ती सबब चालत नाही.

परीक्षकांनी न जुळणारे रीडिंग खोडण्यापूर्वी विद्यार्थ्याला कारण लिहिण्यास सांगावे आणि कारण बरोबर असेल तर त्याला पूर्ण गुण द्यावेत.