एकुलती एक प्रत

लग्नाच्या चित्रफिती जुन्या संगणकातून टॅब्लेटवर नेण्याचे काम हल्ली बहुतेक घरांत शाळकरी नातवंडांकडे सोपविले जाते. मुले चपळ असतात, आणि खरा धोका त्या चपळाईतच आहे.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालविणाऱ्या एका कुटुंबातील ही हकिकत. १९९६ सालच्या विवाहाची व्हीएचएस कॅसेट बुरशी लागून वाया गेली होती; तिच्यावरून केलेली डीव्हीडीही चरे पडून निकामी झाली. उरली ती दुकानातील संगणकात उतरवून ठेवलेली एकच प्रत. अण्णांना जाऊन बारा वर्षे लोटली; त्यांचा आवाज त्या चित्रणाखेरीज घरात अन्यत्र कोठेही नव्हता. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर अक्का अंथरुणाला खिळल्या, तेव्हा ते चित्रण त्यांच्या टॅब्लेटवर घालून द्यावयाचे ठरले.

नातवाने फाइल ‘कट’ करून कार्डात टाकावयास घेतली, तोच त्याच्या आईने त्याला थांबविले. दुकानाचा जमाखर्च तीच पाहते. “कट नको, कॉपी कर,” ती म्हणाली. “तिकडचे उघडून पाहिल्याशिवाय इकडचे हलवायचे नाही.” वायर मध्येच निसटली किंवा वीज गेली, तर ‘कट’ केलेल्या मालाची शाश्वती कोण देणार?

कॉपीही सरळ झाली नाही. कार्डात वीस जीबी जागा मोकळी असताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश आला. कारण साधे होते. ३२ जीबीपर्यंतची कार्डे सहसा ‘फॅट३२’ पद्धतीने आखलेली असतात आणि त्या आखणीत ४ जीबीची एक फाइलही मावत नाही. ही फाइल ४.३ जीबीची होती. कार्ड ‘एक्सफॅट’ पद्धतीने नव्याने आखता आले असते. परंतु तसे करताना कार्डावरील सर्व काही पुसले जाते, आणि त्यावर अक्कांच्या यात्रेची छायाचित्रे होती. शिवाय डीव्हीडीवरील चित्रण ज्या जुन्या ‘एमपीईजी-२’ पद्धतीचे असते, ती अनेक टॅब्लेटांच्या अंगच्या प्लेअरला उमगत नाही. तेव्हा ‘हँडब्रेक’ या मोफत प्रोग्रामने त्याची ‘एच.२६४’ पद्धतीची एमपी४ प्रत करण्यात आली. जुन्या संगणकाला त्यासाठी सबंध रात्र लागली. प्रत लहान झाली, दीड जीबीच्या आत आली. असे रूपांतर करताना चित्राचा थोडा कस जातोच, म्हणून मूळ फाइलीला कोणी हात लावला नाही.

टॅब्लेट वायरने जोडला असता तो नुसता चार्ज होत राहिला. पडद्यावरील सूचनेत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. काही स्वस्त वायरींतून तर केवळ वीजच जाते. प्रत उतरल्यावर दोन्हीकडचे आकारमान ताडून पाहिले आणि चित्रण आरंभी, मध्ये व अखेरीस चालवून पाहिले. अर्धवट उतरलेल्या फाइलीचा दोष बहुधा शेवटीच उघड होतो.

नातवाचा उत्साह मग वाढला. मित्राच्या पेन ड्राइव्हवरील नवे चित्रपटही आजीसाठी घ्यावेत, असे त्याने सुचविले. त्यास आईने साफ नकार दिला, आणि तो योग्यच होता. चोरीच्या प्रतींचा प्रश्न आहेच. पण विंडोज परिचित फाइलींच्या नावांची शेपटे लपवून ठेवते, त्यामुळे वरकरणी ‘एमपी४’ दिसणाऱ्या नावामागे ‘ईएक्सई’, म्हणजे चालणारा प्रोग्राम, दडलेला असू शकतो. ज्या संगणकात वर्षाची खरेदी-विक्री आणि जीएसटीच्या नोंदी आहेत, त्यात परका पेन ड्राइव्ह घालणे म्हणजे गल्ल्याची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देण्यासारखेच.

अक्कांना टॅब्लेट देण्यापूर्वी तिने आणखी एक काम केले. मूळ फाइल आणि नवी प्रत दोन्ही एका हार्ड डिस्कवर उतरविल्या, ‘सेफली रिमूव्ह’ करूनच ती डिस्क काढली, तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटविली आणि ती इचलकरंजीला नणंदेच्या घरी ठेवावयास पाठविली. दुकान आणि घर एकाच इमारतीत आहेत ना.