चूक एकच, तर मूळ एकच

सोमवार, 10 नोव्हेंबर 2025
मेल वीदी, तंजावूर

पहाटेपासून पाऊस आहे. आत्याच्या घराच्या मधल्या चौकात पागोळ्यांखाली घागरी मांडल्यात. चाळीस वर्षांपूर्वी ती पुण्याहून या घरात सून होऊन आली. राजवाडा इथून चालत पाच मिनिटांवर. दहा-बारा दिवस इथूनच काम करायचं ठरवून आले आहे आणि सोबत बेचाळीस मुलांची उत्तरं आणली आहेत.

आमच्या पुण्याच्या ऑफिसात दोन फ्रेशर घ्यायचे आहेत. मुलाखतीआधी घरबसल्या ऑनलाइन चाचणी असते. तीन प्रश्न, दीड तास. दुसरा प्रश्न अगदी सोपा होता : संख्यांची एक यादी दिली आहे, तिच्यात सगळ्यात आधी पुन्हा येणारी संख्या शोधा. पहिल्या वर्षाचा मुलगाही विचार करून लिहील.

संध्याकाळी नववं उत्तर वाचताना अडखळले. त्यात 'टेम्प2' नावाचा एक व्हेरिएबल होता. टेम्प1 मात्र कुठेच नव्हता. शिवाय टेम्प2 मध्ये एक आकडा भरून ठेवला होता आणि पुढे त्याला कुणी हातही लावला नव्हता. काढून टाकला तरी काही बिघडणार नाही, अशी ती ओळ. दहाव्या उत्तरात तीच ओळ, तेराव्यातही. रात्री जेवणं झाल्यावर सगळी बेचाळीस पुन्हा चाळली. टेम्प2 अकरा ठिकाणी निघाला.

अकराही जणांना पूर्ण गुण आहेत. गुण मशीन देतं आणि मशीन फक्त शेवटचं उत्तर बघतं. माझ्या पोटात खड्डा पडला. या अकरांच्या गुणांमुळे यादीत खाली कोण ढकललं गेलं असेल, हाच विचार डोक्यात घेऊन झोपायला जाते आहे.

मंगळवार, 11 नोव्हेंबर

सकाळी पाऊस उघडला तशी आतोबांबरोबर सरस्वती महाल ग्रंथालयात गेले. आतोबा गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांचं मराठी तमिळच्या चालीवर चालतं, पण शब्द माझ्या आजीच्या वेळचे. नायक राजांच्या काळात सुरू झालेला हा ग्रंथसंग्रह तंजावूरच्या भोसले राजांनी वाढवला, दुसऱ्या सरफोजीराजांनी तर त्याचं रूपच बदलून टाकलं. 1820-21 च्या काशीयात्रेतूनही त्यांनी पोथ्या आणल्या. आज इथे चाळीस हजारांहून जास्त पोथ्या आहेत : ताडपत्रांवर, कागदावर, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी.

काचेमागच्या ताडपत्रांसमोर उभी असताना आतोबा म्हणाले, "हे सगळं नकलांचं घर बघ. ताडपत्र काही पिढ्यांनी विरतं. कुणीतरी बसून उतरवलं म्हणून टिकलं."

मी त्यांना टेम्प2 ची गोष्ट सांगितली. ते एकदम थांबले. "हे तर पोथ्या ताडून बघणाऱ्यांचं काम झालं," म्हणाले.

आणि खरंच तसं आहे. आमच्या पुण्यात भांडारकर संस्थेत 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि 1966 साली पुरं झालं. 1,259 हस्तलिखितं तपासली गेली. दक्षिणेकडच्या पोथ्यांचे पाठ ताडून बघण्याचं काही काम या सरस्वती महालात झालं. दोन पोथ्यांत बरोबर पाठ सारखा असला, तर त्यावरून फारसं सिद्ध होत नाही. बरोबर ते दोघांकडे स्वतंत्रपणे टिकलेलं असू शकतं. पण चूक सारखी निघाली, एकाच जागी एकच ओळ गळालेली असली, तर त्या दोन्ही पोथ्या एकाच मुळावरून उतरलेल्या असण्याची शक्यता फार मोठी. पोथ्यांची कुळं अशी चुकांवरून ओळखतात.

माझ्या अकरा उत्तरांचं कूळ एकच आहे. कधीतरी कुणीतरी खरंच विचार करून एक प्रोग्राम लिहिला असेल. त्यात आधी टेम्प1 असेल, मग तो खोडला असेल आणि टेम्प2 तसाच राहिला असेल. त्या अनोळखी माणसाच्या खाडाखोडीची खूण अकरा जणांनी आपलं उत्तर म्हणून पाठवली.

निघताना आतोबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पोथीच्या शेवटी ती उतरवणारा लेखनिक पुष्कळदा लिहून ठेवायचा की जसं समोर होतं तसं मी उतरवलं, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला लावू नका. म्हणजे नक्कल करणारा नक्कल म्हणूनच सही करत होता. दिवसभर ते मनातून जात नाही.

गुरुवार, 13 नोव्हेंबर

दोन दिवस ऑफिसच्या कॉलमध्ये गेले. सहकारी म्हणाला, "त्या अकरांना काढून टाक आणि पुढे चल. प्रत्येक बॅचला हेच असतं."

हेच असतं, हे खरं. गेल्या वर्षी आमच्याकडे एक मुलगा रुजू झाला. व्हिडिओवर ज्याने मुलाखत दिली तो हा नव्हता, हे कळायला आम्हाला तीन आठवडे लागले. आपल्याकडे याला डमी बसवणं म्हणतात, आयटीत प्रॉक्सी. तो जाईपर्यंतचं त्याचं काम आमच्या टीममधल्या एका मुलीने रात्री जागून केलं. तिचं बाळ तेव्हा सात महिन्यांचं होतं. फसवणूक कंपनीची झाली असं सगळे म्हणतात, पण तो भार उचलला तिने. मी ते विसरलेले नाही.

जगभर हेच चाललं आहे. अमेरिकेच्या एफबीआयने जून 2022 मध्येच इशारा दिला होता की घरून करायच्या नोकऱ्यांच्या मुलाखतीत लोक दुसऱ्याचा चेहरा आणि आवाज लावून बसत आहेत. 2025 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला एक विद्यार्थी गाजला. मुलाखतीच्या वेळी उमेदवाराच्या पडद्यावर एआयची उत्तरं दाखवणारं आणि समोरच्याला न दिसणारं सॉफ्टवेअर त्याने बनवलं होतं. विद्यापीठाने त्याला निलंबित केलं. त्याने त्याच कल्पनेवर कंपनी काढली आणि तिला भांडवलही मिळालं. त्याच वर्षी गूगलच्या सुंदर पिचाईंनी सांगितलं की मुलाखतीची निदान एक फेरी समोरासमोर घेणार.

आणि आपल्या घरचं? शिक्षक पात्रता परीक्षा हीसुद्धा नोकरीआधीची चाळणीच. 2019-20 च्या टीईटीतल्या गैरप्रकारात सापडलेले 7,880 उमेदवार 2022 च्या ऑगस्टमध्ये अपात्र ठरवले गेले. 2024 साली केंद्राने सार्वजनिक परीक्षांतल्या गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला. पेपर फोडणाऱ्या टोळ्यांना त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आहे. आमच्यासारख्या खाजगी कंपनीच्या चाचणीला तो लागू नाही. इथे काय ते आम्हीच ठरवायचं.

आत्या शेजारी बसून केळफुलाची दांडी एकेक करून काढत होती. प्रत्येक फुलातली ती कडक काडी काढावी लागते, नाहीतर भाजी घशाला लागते. म्हणाली, "घाई केली की कळतंच. वरून दिसत नाही, खाणाऱ्याला कळतं."

शुक्रवार, 14 नोव्हेंबर

राजवाड्याच्या कलादालनात सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे, लंडनच्या फ्रान्सिस चँट्रीने घडवलेला. राजे उभे, हात जोडलेले. त्यांच्यासमोर आज बराच वेळ बसले, कारण आतोबांनी काल रात्री याच माणसाच्या लहानपणाची गोष्ट सांगितली होती.

1787 साली तंजावूरचे तुळजाराजे वारले. त्याआधी त्यांनी दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेऊन मिशनरी श्वार्ट्झच्या हवाली केलं होतं. राजांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी दत्तकावर आक्षेप घेतला. मद्रासच्या इंग्रज गव्हर्नरने पंडितांना शास्त्रार्थ विचारला. पंडितांनी दत्तक अवैध असल्याचं सांगितलं आणि अमरसिंह गादीवर बसले. ते उत्तर पैशाने फिरवलेलं होतं, हे पुढे बाहेर आलं. मधल्या काळात या मुलाला कोंडून ठेवलं, शिकूही दिलं नाही. श्वार्ट्झने अखेर त्याला मद्रासला नेलं. मग बंगाल आणि काशीच्या पंडितांना तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. त्यांनी दत्तक योग्य ठरवला. 1798 साली सरफोजी गादीवर आले.

विकत घेतलेल्या एका उत्तरापायी अकरा वर्षं गेली. पुढे याच माणसाने शाळा काढल्या, छापखाना घातला, धन्वंतरी महालात रुग्णांची टिपणं ठेवून घेतली. शिक्षण अडवलं गेलेल्या मुलाला शिक्षणाचं मोल कळलं, असंच मला वाटतं.

माझी गोष्ट राज्याची नाही, दोन नोकऱ्यांची आहे. पण खोट्या उत्तरामुळे बाहेर बसलेला कुणीतरी माझ्याही यादीत आहे. संध्याकाळी त्याला शोधलं. एकतिसावा क्रमांक. दुसऱ्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर, आणि खाली कॉमेंटमध्ये लिहिलेलं : इथपर्यंत आलं, यादी मोठी असेल तर हे फार हळू चालेल, पुढचं सुचलं नाही. मशीनने शून्य दिलं होतं.

पहिला प्रयत्न हळू चालतो हे ज्याला स्वतःहून दिसलं, त्याला निम्मं काम कळलं आहे. अकराही जणांच्या उत्तरात असं एक वाक्य नव्हतं.

रविवार, 16 नोव्हेंबर

दुपारी आतोबांनी त्यांच्या वडिलांच्या पेटीतला मोडीतला एक हिशेबाचा कागद माझ्यापुढे ठेवला. "वाच."

मी मोडीचे दोन वर्ग केले आहेत, म्हणून धीर करून बसले. आधी आडवी रेघ ओढलेली, मग हात न उचलता लिहिलेलं. शब्द कुठे संपतो ते कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पहिला शब्द मी "तांदूळ" वाचला. आतोबा गप्प. पुढे "खंडी" लागलं. मग एक शब्द अडला. अंदाजाने "तूप" म्हणाले.

"का तूप?"

"मागे तांदूळ आहे म्हणून."

"अक्षर काय आहे?"

अक्षर "त" नव्हतंच. मी पुन्हा बघितलं. मग म्हटलं, "नाही येत मला." आतोबांनी तेव्हा खुर्ची जवळ ओढली आणि वळण कुठून सुरू होतं ते बोटाने दाखवलं. तो "मी" होता. मीठ.

त्या पाच मिनिटांत त्यांना माझ्याबद्दल सगळं कळलं : किती येतं, कुठे अंदाज मारते, सांगितलं तर ऐकते का. आम्ही दीड तास चाचणी घेतो आणि यातलं काहीच आम्हाला कळत नाही. "नाही येत" म्हणायला आमच्या चाचणीत जागाच नाही. म्हणणाऱ्याला शून्य.

सोमवार, 17 नोव्हेंबर

अकरांपैकी जिचे गुण सगळ्यात जास्त, तिला व्हिडिओवर घेतलं. मराठवाड्यातली मुलगी, मागे लोखंडी कपाट, पंख्याचा आवाज. तिचाच प्रोग्राम पडद्यावर लावला आणि विचारलं, "टेम्प2 कशासाठी आहे?"

ती बघत राहिली. मी थांबले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मॅडम, मला नाही माहीत. ग्रुपवर आलं होतं. सगळेच टाकतात, आपणच नाही टाकलं तर मागे राहू असं वाटलं."

मला वाटलं होतं राग येईल. म्हटलं, "ठीक. आता यातलं तुला काय कळतं ते सांग." तिने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. तिसऱ्या ओळीपर्यंत आवाज कापत होता. सातव्या ओळीला थांबली आणि म्हणाली, "पण मॅडम, यादी रिकामी असेल तर हे इथे फुटेल."

बरोबर होतं. अकरा जणांनी पाठवलेली, मशीनने पूर्ण गुण दिलेली ती चूक तिला आज दिसली, कारण आज तिने ते पहिल्यांदा वाचलं.

तिने केलं ते चूकच आहे. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं, एकतिसाव्या क्रमांकाच्या मुलाबद्दलही सांगितलं. तिने मान खाली घातली. ती खोटी होती आणि तिला येतही होतं. आपल्याला येतं का, हे बघायची संधी तिने स्वतःच घालवली होती.

मंगळवार, 18 नोव्हेंबर

ऑफिसला कळवलं : ही चाचणी रद्द. कुणालाच पुढे धरायचं नाही, कुणालाच काढायचं नाही. बेचाळीसही जणांना नवीन काम पाठवायचं. दुसऱ्याने लिहिलेला पन्नास ओळींचा प्रोग्राम द्यायचा, तो वाचून सुधारायला सांगायचं आणि मग प्रत्येकाशी वीस मिनिटं त्याबद्दल बोलायचं. पुस्तक, मित्र, एआय, काय हवं ते वापरू दे. सहकारी म्हणाला की चौदा तास जातील. गेल्या वर्षी तीन आठवडे गेले, त्याहून कमीच. त्यातले निम्मे तास मी घेईन म्हटलं, तेव्हा तो तयार झाला.

कामाच्या शेवटी मी दोन वाक्यं घातली : जे कुठून घेतलं असेल ते खाली लिहा, त्याचे गुण कापले जाणार नाहीत. जे आलं नाही तेही लिहा.

शुक्रवार, 21 नोव्हेंबर

उत्तरं यायला लागली आहेत. एकतिसाव्या क्रमांकाच्या मुलाचं काल आलं. मराठवाड्यातल्या मुलीचं आज पहाटे. निवड कुणाची होईल ते पुढच्या आठवड्यातल्या बोलण्यावर ठरेल, आणि दोघांनाही तोच प्रश्न, तीच वीस मिनिटं. तिच्या उत्तराच्या शेवटी लिहिलं होतं : "पहिला भाग एआयला विचारून समजून घेतला. ओळ 12 ते 20 माझ्या आहेत. ओळ 31 का चालते ते मला अजून कळलेलं नाही."

आतोबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "तिला ओळ 31 पासूनच विचार."