डब्यातली मराठी

आमच्या घरी एखादे यंत्र बिघडले, की ते प्रथम माझ्यापासून लपवून ठेवतात. मराठीचा प्राध्यापक हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभा राहिला म्हणजे काय होते, ह्याचा अनुभव आमच्या कुटुंबाने एका मिक्सरच्या बाबतीत घेतलेला आहे. तरीही पावसाळ्यात चार दिवस मी संगणकाशी झुंजलो. कारणच तसे होते.

दादांना जाऊन सहा वर्षे झाली. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. दिंडोरी, निफाड, सिन्नर अशा बदल्या होत गेल्या आणि जाईल त्या गावची बोली ते टिपून घेत गेले. निवृत्तीनंतर दुपारी सार्वजनिक वाचनालयात (१८४० सालचे ते, आम्हां नाशिककरांना त्याचा कोण अभिमान!) कोश चाळायचे आणि संध्याकाळी मराठी टंकयंत्रावर खडखडाट करायचा. अशी दोनशे बारा पाने झाली. ह्या दिवाळीत आईला ऐंशी पूर्ण होतात; तिच्या हाती दादांचे पुस्तक द्यावे असे मनात आले. पाने काढून पाहतो, तर कागद कडेने खारीसारखा तुटू लागलेला आणि शाई उडत चाललेली.

पानांची छायाचित्रे घेतली, की त्यांतली अक्षरे वाचून देणारा ‘टेसरॅक्ट’ नावाचा एक प्रोग्रॅम आहे. एच.पी. कंपनीत १९८५ ते १९९४ ह्या काळात तो घडला आणि २००५ साली सर्वांना खुला झाला. तो माझ्या संगणकावर होताही. पण त्याला फक्त इंग्रजी येत होते! मराठीच्या मास्तराच्या घरी राहून!

भाचा इंजिनिअरिंगला आहे. “मामा, मराठीचं पॅकेज देतो,” म्हणून त्याने पेन ड्राइव्हवर एक फाइल आणून दिली. शेवटी ‘डेब’ अशी अक्षरे. मी ती दोनदा टिचकवली; संगणक ढिम्म. तेव्हा कुठे उलगडा झाला, की त्याचा आणि माझा लिनक्स एक नव्हे. त्याच्याकडे आपल्या सी-डॅकने तयार केलेला ‘बॉस’. त्याचे कूळ डेबियनचे. इयन मर्डॉक ह्या गृहस्थाने १९९३ मध्ये डेब्रा ह्या आपल्या प्रेयसीचे आणि स्वतःचे नाव जोडून हे कूळ सुरू केले. माझ्याकडे भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनी बसवून दिलेला फेडोरा. हे रेड हॅटचे घराणे. इकडे ‘आरपीएम’ जातीचीच पॅकेजे चालतात. गाभा दोघांचा एकच, पण रोटीव्यवहार नाही!

भाच्याने हार मानली नाही. ‘एलियन’ नावाचा एक प्रोग्रॅम एका जातीचे पॅकेज दुसऱ्या जातीचे करून देतो. म्हणजे परक्याला दत्तक घेण्याचीच सोय. दत्तकविधान झाले, आणि पॅकेज आत शिरताच भांडण! संगणकात सगळ्या कप्प्यांच्या मुळाशी एक मूळ कप्पा असतो. नव्या पाहुण्याने त्या मुळावरच हक्क सांगितला आणि तिथल्या जुन्या मालकाने साफ नकार दिला. वाड्याच्या वाटणीचे दावे मी पुष्कळ ऐकले आहेत. पण पेन ड्राइव्हवरून आलेल्या दत्तकाने पहिल्या मिनिटाला अख्खा वाडा मागितल्याचे प्रथमच पाहिले.

“जबरदस्तीनं घालता येतं, मामा.”

“नको रे बाबा!” मला मिक्सर आठवला.

मग त्याने ते डेब नुसते उघडून दाखवले. उघडले तो काय, चांगला जेवणाचा डबा! एका पुडात नियम आणि कोणाकोणाची गरज लागेल त्यांची नावे, दुसऱ्यात प्रत्यक्ष माल, आणि वर डब्याच्या पद्धतीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी. मालाच्या पुडात मुख्य जिन्नस एकच: मराठी अक्षरांच्या वळणांचा अभ्यास साठवलेली एक फाइल. ती स्वतः काही चालवत नाही. टेसरॅक्ट ती नुसती वाचतो. प्रोग्रॅम असता, तर तो जिथे बांधला तिथलीच साधने, त्याच आवृत्तीची, मागत बसला असता. अभ्यासाची वही मात्र कुठल्याही घरी उघडते. फक्त ठेवायची खोली वेगळी. तिकडे ‘टेसरॅक्ट-ओसीआर’ नावाच्या कप्प्यात, आमच्याकडे नुसत्या ‘टेसरॅक्ट’च्या. तिथे ठेवली, आणि दादांचे पहिले पान पडद्यावर उमटू लागले. मी चष्मा काढून पुसला. भाचा खिडकीबाहेरचा पाऊस बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ही शौर्यकथा सांगितली, तर भौतिकशास्त्रवाले पोट धरून हसले. तेच पॅकेज फेडोराच्या स्वतःच्या कोठारात होते. एका ओळीची आज्ञा पुरली असती! नाव तेवढे निराळे. डेबियनकडे ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’, फेडोराकडे ‘टेसरॅक्ट-लँगपॅक-मार’. आमची मंडळी नागपूरची. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने बाजारातून कोहळं आणायला सांगितले आणि मी रिकाम्या पिशवीने परत आलो. आमच्याकडे त्याला डांगर म्हणतात. इतकी वर्षे तिच्याशी संसार करून मला हे सुचू नये, ह्याचे तिला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

आता रोज रात्री मुद्रिते तपासतो. यंत्राची मराठी अजून कच्ची आहे. ‘खळं’ ते ‘रवळं’ वाचते. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा तर त्याने वाचल्याच नाहीत. बारा शब्दांपुढे अर्थाची जागा कोरी, आणि शेजारी दादांच्या बारीक अक्षरात एकच शेरा: ‘हिला विचारणे’.

शेवटी गुपित फोडावे लागले. कागद घेऊन आईपुढे बसलो. तिने तो डोळ्यांजवळ धरून पाहिला, बराच वेळ.

“मग विचारलं का नाही?” ती म्हणाली.

पहिल्या शब्दाचा अर्थ तिने सांगितला. कोणत्या गावी, कोण बाई तो वापरायची, तेही सांगितले. मी लिहून घेतले. अजून अकरा आहेत.