आर्नोकाठची छत्री

फ्लॉरेन्सला आम्ही दोघे गेलो ते शेलेसाठी. उभा जन्म कोल्हापुरात इंग्रजी शिकवण्यात गेल्यावर, निवृत्तीनंतरच्या एकुलत्या एका परदेशप्रवासात शिक्षकाने दुसरे काय शोधावे? १८१९ च्या शरदात आर्नो नदीलगतच्या ज्या राईत शेलेला ‘ओड टू द वेस्ट विंड’ ही कविता सुचली, ती राई म्हणजे आजचे कास्चीने उद्यान. ही कविता आम्ही किती वर्षे शिकवली याचा हिशेब नाही. पश्चिमेच्या वाऱ्यावर उडणारी ती पाने एकदा प्रत्यक्ष पाहावीत, एवढीच इच्छा होती. उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या एका छत्रपतींची छत्री आहे, हेही ठाऊक होते. परंतु ते ‘जमलेच तर’ या सदरात. हा क्रम आम्ही मुद्दाम नोंदवून ठेवीत आहोत, कारण पुढे जे सांगायचे आहे ते या क्रमाविषयीच आहे.

कास्चीने हे नदीच्या उजव्या काठाने पश्चिमेकडे दूरवर पसरलेले लांबट उद्यान आहे. चालता चालता शहर मागे पडते, धावणारी आणि सायकलवरची माणसे विरळ होत जातात आणि शेवटी मुन्योने नावाची लहानशी नदी आर्नोला मिळते तेथे येऊन वाट संपते. त्या संगमावर चार खांबांची, घुमटाची, अस्सल हिंदुस्थानी वळणाची छत्री उभी आहे. तिच्याखाली जरीची पगडी आणि दागदागिने ल्यालेल्या एका कोवळ्या तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा. ओठांवर मिसरूड, नजर समोर. संगम, दहनभूमी आणि छत्री ही सांगड पंचगंगेच्या घाटावर लहानाचे मोठे झालेल्यांना कोणी समजावून सांगावी लागत नाही. परक्या भूमीत तीच सांगड समोर आली तेव्हा मात्र आम्ही काही वेळ बोलू शकलो नाही.

हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. जन्म १८५० चा. मूळचे पाटणकर घराण्यातील. १८६६ मध्ये दत्तक म्हणून गादीवर आले. १८७० साली ते इंग्लंडच्या प्रवासाला निघाले. समुद्र ओलांडणे हेच जेव्हा धाडस होते, त्या काळात विलायतेला गेलेल्या अगदी पहिल्या हिंदू राजांपैकी ते एक. तेथे त्यांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, पार्लमेंट पाहिले, दुलीपसिंगांची गाठ घेतली. परतताना इटलीत त्यांची प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचा अंत झाला. वय अवघे वीस. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीच्या राज्याची राजधानी होती. दहनाची रीत तेथे नव्हती. खास परवानगी काढावी लागली आणि शहराबाहेर, या संगमावर चिता रचली गेली. अट्ठेचाळीस वर्षांपूर्वी याच तोस्काना प्रांतात, व्हियारेज्जोच्या किनाऱ्यावर, शेलेचा देह अग्नीला दिला गेला होता. आम्ही ज्याच्या शोधात आलो होतो आणि जो आम्हांला भेटला, त्या दोघांची राख एकाच मुलखात झाली. शेलेच्या चितेची कथा आम्ही वर्गात रंगवून सांगत असू. ही दुसरी चिता आमच्या तोंडून एकाही विद्यार्थ्याने ऐकली नाही.

स्मारक १८७४ मध्ये उभे राहिले. पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा आणि छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही याच मँटसाहेबांच्या आराखड्याप्रमाणे बांधला गेला. तेव्हा ही छत्री पंचगंगेकाठच्या गवंड्यांची नव्हे; इंग्रज अभियंत्याच्या नजरेतून उतरलेले ते हिंदुस्थानी रूप आहे. हे ध्यानात आले की मन थोडे सावध होते. स्मारक कोणाचे, याच्या बरोबरीने ते कोणी उभारले आणि कशासाठी, हेही विचारावे लागते.

ते विचारताना कोल्हापूरकराला चिमासाहेब महाराजांची आठवण होणे अपरिहार्य आहे. राजारामांच्या दत्तक पित्याचे, बाबासाहेब महाराजांचे, ते धाकटे बंधू. सत्तावन्नच्या उठावाशी संबंध असल्याच्या संशयावरून इंग्रजांनी १८५८ मध्ये त्यांना कराचीला नेऊन ठेवले आणि तेथेच १८६९ मध्ये ते निवर्तले. म्हणजे दोन वर्षांच्या आत एकाच घराण्यातील दोन पुरुष आपल्या मुलखापासून दूर मरण पावले. एकाला साम्राज्याने कैदी म्हणून नेले होते, दुसऱ्याचे पाहुणा म्हणून स्वागत केले होते. पाहुण्यासाठी संगमरवर आला, कैद्यासाठी नाही. इंग्रजी शिकलेला, आज्ञाधारक, सुसंस्कृत असा जो एतद्देशीय राजा साम्राज्याला हवा होता, त्याची ही प्रतिमा नव्हे काय? असा प्रश्न आमच्यापैकी एकाने तेथेच, छत्रीच्या पायरीवर बसून, काढला. दुसऱ्याचे म्हणणे असे पडले की प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक अन्याय आहे: साम्राज्याला काय हवे होते याची चर्चा आपण करतो आहोत आणि त्या मुलाला काय हवे होते हे विचारीतच नाही.

ते विचारण्याचे साधन उपलब्ध आहे. महाराजांनी या प्रवासात रोजनिशी ठेवली होती, इंग्रजीत. त्यांच्यासोबत गेलेले कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनी ती संपादून १८७२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध केली. परत आल्यावर आम्ही ती प्रथमच सलग वाचली. नोंदी बहुधा छोट्या आणि आटोपशीर. कोठे गेलो, कोणास भेटलो, काय पाहिले. इंग्रजी शिक्षकाकडून घटवून घेतलेले, जपून चालणारे. परीक्षकाची सवय जडलेल्या आमच्या हाताने पहिल्या काही पानांना मनातल्या मनात गुणही देऊन टाकले. मग लक्षात आले की हा मुलगा जे लिहितो आहे ते कोणीतरी वाचणार याची जाणीव ठेवून लिहितो आहे. त्याला काय वाटले याहून त्याने काय केले, हेच पानापानावर येते. राज्य हरवलेल्या दुलीपसिंगांच्या समोर बसताना या विशीतल्या राजाच्या मनात काय आले असेल? कादंबरीकार येथे दहा पाने लिहील. रोजनिशी ते सांगत नाही.

हे मौन भाषेचे, की वयाचे, की संपादकाचे? ठरवणे कठीण आहे. पण ते मौन आम्हांला परके वाटले नाही. शिकून घेतलेल्या भाषेत नेटके लिहिता येते आणि नेमके तेच निसटते, हा आमच्या शेकडो विद्यार्थ्यांचा आणि खरे सांगायचे तर आमचाही अनुभव आहे. आधुनिक महाराष्ट्रात इंग्रजीशी झालेल्या आपल्या व्यवहाराचे हे एक आरंभीचे पान. ते आमच्याच गावच्या राजाने लिहिले आणि आम्ही मात्र तो व्यवहार शिकवायला नेहमी दूरदूरची उदाहरणे शोधीत राहिलो.

आणि नावाचे काय झाले पाहा. फ्लॉरेन्सकरांनी या स्मारकाला सरळ ‘इंदियानो’चे, म्हणजे भारतीयाचे, स्मारक म्हटले. जवळच १९७८ मध्ये आर्नोवर झालेला मोठा पूलही ‘इंदियानो’चाच पूल. रोज हजारो वाहने त्या एका शब्दावरून जातात. राजाराम हे नाव आणि कोल्हापूर हे गाव लेखाच्या दगडात राहिले. यावर हसू आले, पण ते टिकले नाही. कोल्हापुरात तरी वेगळे काय आहे? १८८० मध्ये सुरू झालेल्या कॉलेजला याच महाराजांचे नाव दिले गेले. आजच्या विद्यार्थ्याला विचारा, हे राजाराम कोण? कोणी शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव सांगेल, कोणी राजर्षी शाहूंचे. दोघेही थोर, दोघेही राजाराम. पण हे ते नव्हेत. परक्यांनी त्यांचा चेहरा जपला आणि नाव सोडले, आपण नाव जपले आणि माणूस सोडला.

स्मारकाने माणूस परत मिळतो असे नाही. परंतु स्मारक एक जागा राखून ठेवते, जेथे उभे राहून विचारता येते. फुलरने घडविलेल्या त्या चेहऱ्याकडे पाहून आम्ही वाचनाकडे वळलो, हे त्या दगडाचे ऋण मान्य केले पाहिजे. ती छत्री कोणत्या हेतूने बांधली गेली याला आता दीडशे वर्षे होऊन गेली. तिचा उपयोग कशासाठी करायचा हे पाहणाऱ्यावर आहे.

वर्ग सुटला असला तरी अधूनमधून कोणी व्याख्यानाला बोलावते. गेल्या खेपेस ‘ओड टू द वेस्ट विंड’ हाच विषय होता. कविता झाल्यावर आम्ही त्या राईचा नकाशा फळ्यावर काढला. एका टोकाला शेले लिहिले, दुसऱ्या टोकाला संगम दाखवला आणि रोजनिशीतील एक पान वाचून दाखवले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, एवढे सगळे बघूनसुद्धा त्यांनी घरची आठवण कुठेच लिहिली नाही?”

इतक्या वर्षांत शेलेवर असा प्रश्न आम्हांला कोणी विचारला नव्हता. उत्तर आमच्याजवळ नव्हते. पुस्तक तिला दिले आणि शोधून सांग म्हटले.