पाच गाई आणि एक सोन्याचे पदक

२ ऑगस्ट २०२१, सोमवार. सकाळचे दूध घालून आणि गोठा झाडून मी ओट्यावर आले, तेव्हा पुतणी मोबाइल भिंतीला टेकवून बसली होती. टोकियोच्या ऑलिंपिकमधला बायकांच्या दुहेरी बॅडमिंटनचा अंतिम सामना लागला होता. एकीकडे चीनची जोडी, दुसरीकडे इंडोनेशियाच्या ग्रेसिया पोली आणि अप्रियानी रहायू. या खेळाला इंग्रज एके काळी 'पूना' म्हणत. पण मला त्यातले काडीचे कळत नाही. मी आत निघाले होते, तेवढ्यात पुतणी म्हणाली, "काकू, ही थोरली आहे ना, हिला लंडनला स्पर्धेतून काढून टाकलं होतं. मुद्दाम हरायला बघत होती म्हणून."

मी बादली खाली ठेवली आणि तिथेच बसले.

लंडनची हकीकत अशी. २०१२ सालच्या त्या ऑलिंपिकमध्ये आधी गटातले सामने होते. ग्रेसिया आणि तिची तेव्हाची जोडीदार मेलियाना जौहरी पुढच्या फेरीत पोचल्याच होत्या, समोरची कोरियाची जोडीही. पण हा सामना जो जिंकेल त्याची गाठ पुढे चीनच्या बलाढ्य जोडीशी पडणार होती. म्हणून दोघींनाही हरायचे होते! फूल जाळ्यात मार, बाहेर मार, असा तमाशा चालला. लोकांनी हुर्यो उडवली. अशा चार जोड्या स्पर्धेबाहेर काढल्या गेल्या. काही जण म्हणतात, नियमच वाकडे होते. असतील. पण तिकीट काढून बसलेल्या माणसाला त्याचे काय? चूक ती चूक.

मी हे बोलते, कारण त्याच साली आमच्याकडे पाऊस नव्हता. कडबा मिळेना, दोन म्हशींतली एक आटली, हप्ता तोंडावर आला. एका सकाळी मी कॅनमध्ये तांब्याभर पाणी घातले. खरे सांगायचे तर दोन तांबे. केंद्रावरच्या माणसाने दुधात लॅक्टोमीटर सोडला, माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता कॅन परत सरकवला. मागे सगळी रांग उभी होती. घरी येऊन म्हटले, म्हैस विकून टाकू, मी आता तिकडे पाऊल ठेवायची नाही. सासूबाई भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "म्हशीला काय ठावं तुझी अब्रू? ती सांजच्याला पान्हा सोडणारच."

संध्याकाळी गेले. पुढे कित्येक दिवस माझे दूध दोनदा तपासले जायचे. मी उभी राहायचे.

ग्रेसियानेही खेळ सोडायचा विचार केला होता म्हणतात. दोन वर्षांची असताना तिचे वडील गेले, आईने वाढवले. लंडननंतर निट्या कृशिंदा महेश्वरी हिच्याबरोबर तिने २०१४ च्या आशियाई खेळांत सुवर्ण जिंकले. २०१६ ला रिओमध्ये उपांत्यपूर्व फेरीत हरली. मग निट्याचा गुडघा गेला आणि जोडी मोडली. थांबावे असे पुन्हा मनात आले, तेव्हा प्रशिक्षक एंग हियान यांनी तिला धाकट्या मुलीबरोबर खेळायची गळ घातली. ही धाकटी म्हणजे अप्रियानी. जवळजवळ अकरा वर्षांनी लहान, आग्नेय सुलावेसीतल्या कोनावेची. तिची पहिली रॅकेट वडिलांनी लाकडाची करून दिली होती. २०१७ पासून दोघी एकत्र.

त्या दिवशी एका फेकीत ग्रेसियाच्या रॅकेटची तार तुटली. खेळ तर चालूच. ती कडेला धावली, पिशवीतली दुसरी रॅकेट उचलली आणि परत आली. तोवर धाकटीने फूल एकटीने पेलले होते. तो गुण त्यांनीच घेतला. मी ओट्यावर टाळ्या पिटल्या, पुतणी माझ्याकडे बघतच राहिली. २१-१९, २१-१५ असा सामना संपला. बायकांच्या दुहेरीतले इंडोनेशियाचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण. ग्रेसिया खाली बसून रडत होती. चौतिसावे वर्ष लागायला नव्हे, पुरे व्हायला आले होते तिला. पुढे १२ जून २०२२ रोजी जाकार्तात तिने खेळाचा निरोप घेतला.

पण आमच्या घरात ती दोघींची जोडी लक्षात राहिली ती निराळ्याच गोष्टीने. सरकारचे रोख बक्षीस होतेच; शिवाय अप्रियानीच्या जिल्ह्याच्या प्रमुखाने तिला एक घर आणि पाच गाई देऊ केल्या. पुतणीने ही बातमी जेवताना वाचून दाखवली. सासूबाईंनी घास हातातच धरला.

"दुभत्या की भाकड?"

ते काही बातमीत दिले नव्हते.