खरखरीतला तुकडा

बुधवारची सुपारी आमचे मास्तर शक्यतो घेत नसत. घेतलीच, तर वरात साडेसातच्या आत मांडवात पोचली पाहिजे, ही अट. आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची आणि कोथरूड गावात, म्हातोबाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावरच्या हॉटेलात, आम्ही चौघं वह्या घेऊन रेडिओपुढं बसायचो. मालक एका चहावर तासभर बसू द्यायचा. बदल्यात त्याच्या पोरीच्या लग्नात फुकट वाजवायचं ठरलं होतं. वाजवलंही.

पुण्याला ब्रास बँड नवा नव्हता. सोलापूरकरांचा प्रभात ब्रास बँड १९३८ सालचा, त्यांच्यापुढं आम्ही कोण? आमचा जन्मच मुळी रेडिओच्या पोटातून झाला. मास्तरांकडं ना फोनो, ना तबकड्या. वाद्यं मेरठची, तीही दुसऱ्याच्या हातची, आणि गाणी सिलोनची. १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेगीतं आटली. त्याच वर्षी सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली. १९५७ ला विविध भारती आली, तरी मास्तरांचा बुधवार काही सुटला नाही. कुठलं गाणं कितव्या पायदानावर आहे, हे कळलं की पुढच्या महिन्यात वरातीत काय मागतील ते कळायचं. आमचा बाजारभावच तो.

गाणं एकदाच लागणार, पुन्हा ऐकायचं तर पुढच्या बुधवारी. म्हणून कामं वाटलेली. मास्तर मुखडा धरायचे, ट्रंपेटवाला अंतरा. मी सोळा वर्षांचा, क्लॅरिनेटवर नवा; माझ्याकडं मधलं म्युझिक. आणि चौथा, झांज वाजवणारा, नुसते शब्द लिहायचा. बँडमध्ये गाणार कोण? पण शब्दाशिवाय श्वास कुठं घ्यायचा ते कळत नाही. शब्दाच्या मधेच फुंक तोडली, तर ऐकणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण गाणं लंगडतं.

रात्रीच जुळवाजुळव व्हायची. क्लॅरिनेट आणि ट्रंपेटचा ‘सी’ म्हणजे पेटीची काळी पाच, अल्टो सॅक्सोफोनचा ‘सी’ म्हणजे काळी दोन. रफीसाहेबांनी कुठल्याही पट्टीत गायलेलं असो, आमच्याकडं ते बहुतेक काळी पाचलाच यायचं. मास्तर पेन्सिलीनं सरगम लिहायचे, सॅक्सवाल्याची वेगळी. मींड मात्र कुठल्याच वहीत मावत नाही. ट्रंपेटवर ती अर्धा व्हॉल्व दाबून चोरावी लागते. क्लॅरिनेटवर भोकावरून बोट उचलायचं नाही, कडेकडेनं सरकवायचं, आणि खालचा ओठ रीडवर किंचित सैल सोडायचा. जास्त सोडला की बदक ओरडतं. माझं वर्षभर बदकच ओरडत होतं.

१९६६ सालचं ‘बहारों फूल बरसाओ’. ‘सूरज’मधलं, शंकर-जयकिशनचं. त्या साली गीतमालेच्या वार्षिक यादीत ते पहिलं आलं आणि वरातीतून आजवर गेलेलं नाही. (शिवरंजनीसारख्या करुण रागावरचं गाणं नवरीच्या दारात कसं रुजलं, याचं मला अजून नवल वाटतं.) पहिल्यांदा आम्ही ते धरायला बसलो, तर मधलं म्युझिक सुरू होताच शॉर्टवेव्हनं दगा दिला. आवाज लांब गेला, नुसती खरखर. परत आला तेव्हा अंतरा सुरू.

मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. “म्युझिक कुठंय रे?”

“खरखरीत गेलं, मास्तर.”

“मग आपलं घाल. मात्रा मोजल्यास ना?”

मात्रा मोजल्या होत्या. तेवढ्या मात्रांत मी एक तुकडा बसवला: वरच्या षड्जावरून घसरत खाली यायचं आणि शेवटी दोनदा उडी. पुढच्या बुधवारी खरं म्युझिक नीट ऐकू आलं. व्हायोलिनचा तो ताफा दोन क्लॅरिनेटांवर काय उतरणार! शिवाय तोवर आमची दोन लग्नं वाजवून झाली होती आणि त्या उडीवर पोरं नाचली होती. तुकडा राहिला. मास्तर गेले, बँड मोडला, तोवर राहिला.

आता माझा नातू मोबाईलवर मूळ गाणं लावतो. सगळं स्वच्छ, हवं तिथून पुन्हा. मधलं म्युझिक आलं की माझी बोटं मात्र मांडीवर भलतीकडंच जातात.

मागच्या लग्नसराईत कर्वे पुतळ्याजवळ बससाठी उभा होतो. समोरून वरात आली, हेच गाणं. पुढं विशीतला एक क्लॅरिनेटवाला. व्हायोलिनचा तुकडा त्यानं सुरासूर उतरवला होता, मला जन्मात जमला नसता. अंतऱ्यात मात्र शब्दाच्या ऐन मधे त्यानं श्वास घेतला. वरात तुंबली तसा मी जवळ गेलो.

“सुंदर वाजवतोस. शब्द लिहून घे गाण्याचे.”

“कशाला आजोबा? गायचंय कुणाला?” तो हसला. रीड ओठांत ओली करत होता.

मी त्याला तो शब्द म्हणून दाखवला, त्यानं तोडला तसा, आणि मग अखंड. एवढ्यात बेस ड्रमवर टिपरू पडलं आणि वरात हलली.