पाटणचें राजमंदिर आणि आमच्या परसांतील शिळा

दोंडाईचा हें आमचें गांव अमरावती नदीच्या कांठीं, सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेलें आहे. मिरचीच्या हंगामांत येथील पेठेंतून जातांना नाकाला उपरणें लावावें लागतें. त्यापलीकडे परक्या मनुष्यास सांगावें असें या भागांत फारसें कांहीं नाहीं, अशी आमची बरेच दिवस समजूत होती. जवळच साक्री तालुक्यांत बुराई नदीच्या कांठीं बळसाणें हें खेडें आहे. तेथें जुन्या दगडी देवळांचा एक समूह उभा आहे. शाळेंत असतांना आम्ही प्रतिवर्षीं मुलांची सहल तेथें नेत असूं. आणि हीं देवळें हेमाडपंती होत, भिंतींवरील मूर्ति शोभेकरितां खोदलेल्या आहेत, एवढें सांगून मुलांना डबे सोडण्याची परवानगी देत असूं. हीं दोन्ही विधानें कच्चीं होतीं हें उमजावयास आम्हांस साठी ओलांडावी लागली. तें कसें उमजलें, हेंच येथें सांगावयाचें आहे.

गेल्या पौषांत आमच्या घरीं वाटणीचें बोलणें निघालें होतें. चार पिढ्यांचा वाडा, पुतण्यांचे संसार वाढलेले. दोष कोणाचाच नाहीं. परंतु आमच्या थोरल्या वहिनींच्या तोंडचें पाणी पळालें. ऐन तिशींत वैधव्य आलें असतां पदरच्या तीन मुलांबरोबर आम्हां धाकट्या दिरांचींही शिक्षणें त्यांनी पार पाडलीं, आणि घर एकत्र राखलें. त्या एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, डोळ्यांत मोतीबिंदु उतरतो आहे. दिसतें आहे तोंवर पाटणच्या देवीचें दर्शन घडवा." तेव्हां वहिनी, आमचा नातू आणि आम्ही असे तिघे निघालों. जळगांवास गाडी बदलून चाळीसगांवीं उतरलों. तेथून पाटण सुमारें 18 किलोमीटर.

सातमाळ्याच्या डोंगररांगेच्या कुशींत, दाट झाडींत हें स्थान आहे. आज तेथें वस्ती म्हणावी अशी उरलेली नाहीं; परंतु बाराव्या शतकांत हें निकुंभ राजांच्या राजधानीचें नगर होतें. देवगिरीच्या यादवांचे हे मांडलिक. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं येथेंच मठ स्थापिला, आणि त्या मठास निकुंभ सोइदेवानें दान दिलें. त्याचा शके 1128 चा शिलालेख येथें सांपडला. लेखाचा शेवटचा भाग तत्कालीन मराठींत असून बाजारांतल्या देवघेवीवर मठासाठीं काय घ्यावें तें त्यांत नमूद केलें आहे. मराठीच्या मास्तराला हात जोडावयास एवढें पुरे आहे.

देवीचें दर्शन घेऊन आम्ही महादेवाच्या जुन्या मंदिराकडे गेलों. हें खरें राजमंदिर. निकुंभ इंद्रराजानें तें बांधावयास घेतलें. तो निवर्तला तेव्हां त्याचा पुत्र गोवन अजून अज्ञान होता. इंद्रराजाची राणी श्रीदेवी हिनें पुत्राच्या वतीनें राज्य चालविलें, आणि पतीनें आरंभिलेलें काम सिद्धीस गेलें. येथील लेखाचा शक 1075, म्हणजे इसवी सन 1153. हेमाद्रि पंडित हे यादव महादेव व रामचंद्र यांचे मंत्री. त्यांचा काळ याच्या शंभर वर्षांनंतरचा. तेव्हां अशा प्रत्येक देवळास आम्ही वर्षानुवर्षें चिकटवीत आलेलें 'हेमाडपंती' हें नांव येथें लागू पडत नाहीं, हें त्या ओट्यावर उभें राहून आम्हांस प्रथमच नीट कळलें. पुस्तकांतला शक आणि डोळ्यांपुढचा दगड यांची गांठ पडल्याखेरीज ज्ञान पक्कें होत नाहीं, हेंच खरें.

वहिनींस जवळचें दिसतें, दूरचें अंधुक दिसतें. म्हणून त्या भिंतीला हात लावून सावकाश प्रदक्षिणा करीत होत्या. त्या विचारीत गेल्या, आम्ही सांगत गेलों. आणि सांगतां सांगतां जें आम्ही शास्त्रांत नुसतें वाचलें होतें, त्याला अर्थ येत गेला.

आपल्या शिल्पशास्त्रांत देवालय म्हणजे देवाचें घर एवढेंच मानीत नाहींत. तें देवाचें शरीर होय असें मानितात. म्हणून त्याच्या अवयवांस जंघा, स्कंध, ग्रीवा अशीं नांवें आहेत, आणि अगदीं आंतल्या अंधाऱ्या खोलीस गर्भगृह म्हणतात. या शरीरावरील मूर्ति अंगावरच्या दागिन्यांप्रमाणें वाटेल तेथें घातलेल्या नसतात; प्रत्येकीची जागा ठरलेली असते. तळच्या थरांत हत्ती, घोडे, माणसें, म्हणजे ज्यांच्या पाठीवर राज्य उभें राहतें ते सर्व. त्यावर जंघेच्या भागीं देवता, सुरसुंदरी, व्याल, तपस्वी. आठ दिशांस आठ दिक्पाल: पूर्वेस इंद्र, दक्षिणेस यम, पश्चिमेस वरुण, उत्तरेस कुबेर, आणि कोपऱ्यांवर अग्नि, निर्ऋति, वायु व ईशान. दाराच्या चौकटीवर गंगा-यमुना, माथ्यावर गणपति. आणि इतकें सारें ओलांडून आंत जावें तों कोरीव काम ओसरत जातें. गाभाऱ्यांत पाहावें तर केवळ लिंग, ज्याला डोळे नाहींत, हात नाहींत, मुद्रा नाहीं. बाहेर अवघें जग, आंत निराकार. प्रदक्षिणा करणाऱ्यास पायानें चालत हा पाठ मिळतो. त्याला अक्षरओळख लागत नाहीं. विष्णुधर्मोत्तर पुराणांत मार्कंडेय ऋषि वज्र राजास मूर्तिविद्या सांगतात. परंतु तत्पूर्वीं चित्र, नृत्य, वाद्य आणि गीत यांचें ज्ञान हवें, असें बजावतात. राजानेंही आधीं विद्यार्थी व्हावें, असा त्याचा भाव.

वहिनी थांबल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, राजानें एवढा खर्च केला. मग या साऱ्यांत त्याची स्वतःची मूर्ति कोठें आहे? आणि त्या राणीची?"

आम्ही घटकाभर निरुत्तर झालों. मग मनुस्मृतीचा सातवा अध्याय आठवला. राजा हा आठ लोकपालांच्या अंशांनीं घडला आहे असें तेथें म्हटलें आहे. त्या यादींत आणि देवळावरील दिक्पालांत एकदोन नांवांचा फरक आहे, पण कल्पना तीच. हे दिक्पाल देवळावर कोठें असतात? गाभाऱ्यांत नव्हे, बाहेर, उन्हापावसांत, आपापल्या कोपऱ्यावर पहारा करीत. राजाचें स्थान तेंच होय. आंतल्या गोष्टीचें रक्षण करावयाचें, आंत जाऊन बसावयाचें नाहीं. म्हणून राजा येथें मूर्तिरूपानें न दिसला तरी चालतो; त्याचें कर्तव्य मात्र आठ ठिकाणीं खोदलेलें असतें.

आम्ही हें सांगितलें. वहिनी क्षणभर गप्प राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "काम पुरें झालें म्हणजे झालें. नांव दिसलेंच पाहिजे असें थोडेंच आहे." त्यांच्या बोलण्यांत श्रीदेवी किती होती आणि त्या स्वतः किती होत्या, हें आम्ही विचारलें नाहीं.

दाराशीं आलों. अशा मंदिरांच्या उंबऱ्यावर दोहों बाजूंस विक्राळ मुखें कोरतात. त्यांस कीर्तिमुख अथवा ग्रासमुख म्हणतात. नातवानें कथा विचारली, ती सांगितली. जालंधरानें राहूस दूत करून शिवाकडे धाडलें आणि पार्वतीची मागणी केली. शिवाच्या भ्रुकुटींतून एक भुकेलें भूत निघालें. राहु शरण आला, तेव्हां भुताला भक्ष्य उरलें नाहीं. शिवाज्ञेनें तें स्वतःचेच हातपाय खात सुटलें, तों केवळ मुख शिल्लक राहिलें. शिवानें प्रसन्न होऊन त्यास दारीं स्थान दिलें. आपली हांव आपणच गिळावी, मग देवापुढें जावें, असा आम्ही याचा अर्थ लावितों.

वहिनी खालीं वांकल्या, बोटांनीं तें मुख चांचपलें, आणि एकदम म्हणाल्या, "भाऊजी, ही तर आपल्या परसांतली धुण्याची शिळा!"

आमच्या अंगावर कांटा आला. आमच्या परसांत विहिरीजवळ एक दगड आहे. पणजोबांनी बुराईकडील कोण्या पडक्या देवळांतून गाडींत घालून आणला, असें घरांत सांगत. वर गुळगुळीत, आणि बाजूस दोन वाटोळे डोळे व दांत. लहानपणीं आम्ही त्याला 'वाघोबा' म्हणत असूं. चार पिढ्यांच्या धुण्यानें तो झिजला. मुलांस देवळांतलें शिल्प दाखविण्यासाठीं आम्ही इतकीं वर्षें बळसाण्यास नेलें, आणि ज्यावर आमचीच धोतरें आपटलीं जात होतीं त्या दगडाकडे एकदांही नीट पाहिलें नाहीं!

घरीं परतल्यावर वाटणीची बैठक बसली. परस कोणाकडे, विहीर कोणाकडे, असें चाललें असतां वहिनी म्हणाल्या, "विहीर वांटा, झाडें वांटा. ती शिळा मात्र कोणाच्या वांट्याला घालूं नका. ती आपली नव्हेच." कोणी हूं कीं चूं केलें नाहीं. वाटणी व्हावयाची ती झाली. त्यांत कडवटपणा मात्र आला नाहीं.

पुतण्यांनी मिळून शिळा उचलली, घासून स्वच्छ केली आणि ओसरीवर आणून ठेविली. ती मूळ ठिकाणीं परत जावी म्हणून आम्ही संबंधित खात्याकडे अर्ज पाठविला आहे. उत्तर येईल तेव्हां येईल. तोंवर वाड्यांतल्या तिन्ही चुलींचीं माणसें येतांजातां तिच्यावरून पाय न पडेल अशा बेतानें चालतात. वहिनी रोज सकाळीं तिच्यापाशीं बसून माळ ओढतात. आणि नातू शेजारच्या मुलांस जालंधराची कथा सांगतो, ती आमच्यापेक्षां बरी सांगतो.